तंबू जाऊन येतात

तुमच्या हातून गेलेली वस्तू तुमच्याआधी समुद्र बघून आली, याचा तुम्हाला कधी राग आला आहे का?

मला आला आहे, आणि दर हंगामाला येतो. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तंबू शिवते आणि दुरुस्त करते. डोंगरावर मुक्कामाला जाणारे लोक नेतात ते तंबू. दोन-तीन माणसं झोपतील एवढे, घडी केली की पिशवीत मावणारे. हे आधीच सांगते, कारण दापोडीला आमच्या गल्लीत मी तंबू शिवते म्हटलं की लोक विचारतात, "मग आमच्या पोरीच्या हळदीला एक लावून देशील का?"

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं सांगितलं गेलं, तेव्हा मी ठरवलं की नोकरी कशी लागली, कुठून कुठे गेले, यातलं काही लिहायचं नाही. मला हेव्याबद्दल लिहायचं आहे. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. हक्क, न्याय, एकजूट, हे जोडाक्षरांसकट मला शाळेच्या आधी येत होतं. पण हेवा हा शब्द एकाही पत्रकात नव्हता. तो असायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याला काय मिळतंय हे बघून ज्याचा जीव जळत नाही, तो मागणी तरी कशाची करणार?

आमच्याकडे तंबू दोनदा येतो. पहिल्यांदा कापड म्हणून, दुसऱ्यांदा पेशंट म्हणून. हंगाम संपला की भाड्याने तंबू देणारे लोक फाटलेले, तुटलेले तंबू पोत्यात भरून पाठवतात. काही जण स्वतः घेऊन येतात. दुरुस्तीच्या टेबलावर घडी उलगडली की आधी वास येतो. धुराचा, ओल्या पाल्याचा, आणि काही तंबूंना खारा. कोपऱ्यात तांबडी माती साठलेली असते. करवंदाचे डाग असतात. एकदा खेकड्याची वाळलेली नांगी निघाली होती. ती आम्ही बायकांनी हातोहात फिरवून बघितली आणि कोणी टाकू देईना, म्हणून पाण्याच्या टाकीवर ठेवली.

काय फाटलंय यावरून काय घडलं ते कळतं. बारीक गोल भोकं म्हणजे शेकोटी जवळ केली होती. कोपरा कुरतडलेला असेल तर आत फरसाण होतं आणि उंदरालाही ते कळलं होतं. चाकणच्या एका कंपनीतल्या पोरांनी तंबूची अख्खी एक बाजू आतून चाकूने कापून आणली होती. मी विचारलं, "चेन होती ना दाराला?"

"होती ताई. पण दाराबाहेर काहीतरी फुरफुरत होतं."

"काय होतं?"

तो मित्राकडे बघायला लागला. मित्र म्हणाला, "गाय होती, ताई. पण ते नंतर कळलं."

मी हसले. बाजू नवी लावून दिली. आणि दिवसभर मनात हेच, की या पोरांच्या आयुष्यात रात्री दाराबाहेर काहीतरी फुरफुरलं तरी. माझ्या दाराबाहेर मुंबई-पुणे रोड आहे.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कापड कितीही चांगलं असलं तरी शिवण मारली की सुईची भोकं पडतात. त्या भोकांवर आतून एक पट्टी गरम करून चिकटवतात. ती पट्टी चिकटवणं हे माझं आणि माझ्या शेजारच्या मशिनवरच्या संगीताताईचं काम. मग पाण्याची चाचणी. शेडमध्ये सिमेंटच्या कोब्यावर तंबू उभा करायचा. कोब्यात खुंटी जात नाही, म्हणून चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. दार बंद, छताजवळ हवेसाठी जाळी असते तिची झडप बंद, सगळं बंद. आत वर्तमानपत्र अंथरायचं आणि वरून फवारा सोडायचा. कागदावर डाग पडला नाही, तर तंबू पास.

निगडीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. नातवंडांना घेऊन डोंगरात मुक्कामाला जायच्या. मला त्यांचाही हेवा वाटायचा. माझी आजी मला फार तर आळंदीला न्यायची आणि संध्याकाळच्या बसने परत आणायची. ऑफिसातला फोन कोणी उचलत नाही म्हणून मॅडम थेट शेडमध्ये माझ्या टेबलापाशी आल्या.

"ओला होतो हा."

"पाऊस होता का, मॅडम?"

"आभाळ स्वच्छ होतं. आणि सकाळी माझ्या नातीच्या नाकावर थेंब पडला."

मी सगळ्या शिवणी पुन्हा पट्टी लावून दिल्या. चाचणी केली, पास. मॅडम पुन्हा आल्या. पुन्हा ओला. पुन्हा पट्टी, पुन्हा पास. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तंबू टेबलावर ठेवला आणि चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"तू कधी झोपली आहेस का यात?"

"नाही, मॅडम."

"मग तुला कसं कळणार?"

त्या रागावल्या नव्हत्या. उत्तर चुकलंय एवढंच सांगत होत्या. पण ते मला लागलं, कारण ते खरं होतं. आमच्या शेडमध्ये शिवणारी, कापणारी, पॅकिंगची एकही बाई कधी तंबूत झोपली नव्हती.

झोपायचे ते ऑफिसवाले. दर वर्षी हंगामाच्या आधी नवीन मॉडेलची ट्रायल असते. कंपनीची जीप ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाते, तिथून पुन्हा एक डोंगर चढते. त्या डोंगरावर वनखात्याचं उद्यान आहे, मुक्कामाला सपाट जागा केली आहे, आणि कड्यावरून समुद्र दिसतो. हे मला ठाऊक होतं, कारण ट्रायलचे फोटो कंपनीच्या ग्रुपवर पडायचे. सेल्समधला निखिल तंबूच्या दारात कॉफीचा मग घेऊन बसलेला, मागे निळं पाणी. आमच्या बायका खाली अंगठे टाकायच्या. मी टाकत नसे. मी फोटो मोठा करून पट्टी सरळ बसली आहे का ते बघायची. बसलेली असायची. ती माझी पट्टी होती, आणि ती तिथे होती.

मी पत्रक काढलं. वडिलांच्या पत्रकांत असायचं तसं वर ठळक मथळा: "शिवणाऱ्यांना तंबूत झोपू द्या." खाली दीड पान मजकूर, शेवटी मागणी. पाण्याच्या टाकीशेजारी, खेकड्याच्या नांगीच्या वर चिकटवलं.

आमचे सुपरवायझर तापकीर मामा मूळ चऱ्होलीचे. त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. "आगं प्रतीक्षा, ह्ये वाचून सायेब म्हनतील, आदीच डुलक्या घेत्यात, आता परवानगी मागाय लागल्या."

"मामा, खालचं पण वाचा."

"वाचलं की. लय अवघड लिवलंय. पर मला बी न्यायचं असंल तर मी येनार न्हाई, मला डोंगरात सर्दी हुती."

दुपारी साहेब पाणी प्यायला आले. ग्लास हातात धरून त्यांनी पूर्ण वाचलं आणि मला बोलावलं. "भाषा चांगली आहे. मुद्दा एका ओळीत सांग."

"ट्रायलला फ्लोअरवरचं माणूस गेलं पाहिजे."

"कशासाठी?"

"निगडीच्या मॅडमचा तंबू तीनदा परत आलाय, आणि का ओला होतो ते आमच्यापैकी कोणालाच कळत नाही."

हे कारण खरं होतं. मला समुद्र बघत तंबूच्या दारात बसायचं होतं, हेही खरं होतं. दोन खरी कारणं असली तर साहेबांना त्यातलं एक सांगावं, एवढं मी घरी शिकले आहे.

साहेबांनी ग्लास ठेवला. "ठीक आहे. या वेळी एक जण फ्लोअरवरचं. संगीताला पाठवू. ती शांत आहे."

त्या दिवशी माझ्या मशिनवर पट्टी तीनदा करपली. संगीताताईनं तंबूत झोपायची मागणी कधी केली नव्हती. पत्रकावर तिने सही केली होती, तीही मी पेन हातात दिला म्हणून. ती परभणीकडची, लग्न होऊन इकडे आलेली, कामात माझ्यापेक्षा हात साफ. तिचा मला त्या आधी कधी राग आला नव्हता. आता तिच्या बांगड्यांचा आवाज आला तरी मला राग यायचा.

डबा खाताना तीच म्हणाली, "तू जा की माझ्या जागी. मला काय करायचंय डोंगरात?"

"मी ते माझ्यासाठी लिहिलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईसाठी लिहिलं होतं. तू शिवणारीच आहेस."

"मग असं तोंड पाडून का बसायलीस?"

तत्त्व सोडता येत नव्हतं आणि तोंड सरळ होत नव्हतं. मी तिच्या डब्यातला ठेचा घेतला.

पण प्रश्न तिच्या घरी अडला. तिची सासू स्वतः शेडच्या गेटवर आली. "ऑफिसातले बाप्ये अन् ही एकटी, मुक्कामाला? दुसरी बाई सोबत असंल तर जाऊ द्या. न्हाईतर न्हाई."

साहेब म्हणाले, "मग प्रतीक्षा जाईल सोबतीला." आणि माझ्याकडे वळून, "पण ट्रायल संगीता करेल. तू फक्त सोबत."

ज्या जागेसाठी मी दीड पान लिहिलं होतं, तिथे मी गेले ती संगीताताईच्या सासूबाईंची अट म्हणून. ज्यांना युनियनचा इतिहास लिहायचा असेल त्यांनी हे जरूर नोंदवावं.

जीपमध्ये ताईला घाटात मळमळतं म्हणून पुढची सीट मिळाली. मी मागे, अंथरुणांच्या पिशव्या मांडीवर घेऊन, निखिल आणि ऑफिसातला आणखी एक जण यांच्या गुडघ्यांमध्ये. पुढच्या काचेतून काय दिसत होतं ते ताई सांगायची, "धबधब्याची वाट हाय बघ, पाणी न्हाई आता." मला पिशवीचा बंद दिसत होता.

डोंगरावर उतरलो आणि मला वास आला. तोच. ओला पाला, माती, त्यात थोडं खारं. दुरुस्तीच्या टेबलावर मी तो नाकाने चोरून घ्यायची, आणि इथे तो सगळीकडे होता, कोणाच्या बापाचा नसल्यासारखा. आजूबाजूला चार-पाच कुटुंबांचे तंबू लागले होते. एक जोडपं घडीच्या खुर्च्या टाकून बसलं होतं. बोलत नव्हतं, खात नव्हतं, फोनही बघत नव्हतं. माणसं इतकं काहीही न करता बसू शकतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. दागिन्यांचा, गाड्यांचा हेवा मला कधी वाटला नाही. त्या बसण्याचा वाटला, तो अजून गेलेला नाही.

निखिल म्हणाला, "चला, लावा तंबू. नवीन संगीताताईंचा, जुना तुमचा." मग ते दोघे आपापले तंबू लावायला पलीकडे गेले.

मी आणि ताई दोघी एकाच वेळी इकडे तिकडे बघायला लागलो. मग दोघी दोन दिशांना निघालो. वनखात्याचा रखवालदार आमच्या मागे आला.

"काय हुडकताय?"

"विटा," ताई म्हणाली.

"विटा? चूल मांडताय काय? हितं आग पेटवायची नाय, सांगून ठेवतो."

"चूल नाही हो, तंबू लावायचाय."

तो आमच्याकडे बघतच राहिला. मग वाकून आमच्याच पिशवीतली खुंटी काढली, दगडाने जमिनीत ठोकली आणि दोर अडकवला. त्या खुंट्या पिशवीत भरायचं काम मी कितीदा तरी केलं आहे. ती ठोकायची असते, हे ठाऊक होतं. पण हात विटाच शोधत होते. खुंटी मातीत जाताना दगडाचा आवाज हळूहळू बदलतो आणि शेवटी घट्ट लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. उरलेल्या खुंट्या मी त्याला ठोकू दिल्या नाहीत. ताईलाही दिल्या नाहीत. तिच्या तंबूच्यासुद्धा मीच ठोकल्या.

संध्याकाळी कड्याच्या कठड्यापाशी बसलो. समुद्र फोटोत होता त्याहून लांब होता आणि निळा नव्हता. करडा होता, मग तांबूस झाला. ताईने समुद्र आधी बघितला नव्हता. तिने कठड्यावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाली, "हे रोज असं असतं का गं? आपण नसलो तरी?"

दीड पानात मला जे लिहिता आलं नव्हतं, ते तिने बसल्या बसल्या सांगून टाकलं. मला त्या वाक्याचाही हेवा वाटला. मी फक्त "असतं" म्हणाले.

रात्रीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती माझी आहे.

सकाळी ताईची हाक आली. "प्रतीक्षा, ओलंय."

माझा तंबूही ओला होता. छताला आतून थेंब लटकले होते, पांघरूण दमट होतं, आणि बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत. निगडीच्या मॅडमच्या नातीच्या नाकावर पडला होता, तसाच एक थेंब माझ्या कपाळावर पडला. मी ताईच्या तंबूत शिरले. ती छतावरून बोट फिरवत होती.

"शिवणीपाशी न्हाई गं. शिवण कोरडीय. मधीच ओलं झालंय, सपाट कापडाला." बोट थांबवून ती म्हणाली, "कुकरच्या झाकणाला धरतंय तसं. आपलाच वाफारा हाय हा."

मी वर बघितलं. जाळीची झडप बंद होती. माझ्याही तंबूची बंद होती. आम्ही दोघींनी न बोलता, सवयीने, चाचणीला करतो तसं सगळं बंद करून घेतलं होतं. फवारा सोडायचा असल्यासारखं.

निखिल ब्रश तोंडात धरून आला. "झडप बंद ठेवलीत होय? मग होणारच ओलं. श्वासाची वाफ जाणार कुठे? अहो, हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" मी विचारलं.

त्याने ब्रश काढला. थोडा विचार केला. माणूस वाईट नाही तो. "म्हणजे... जे झोपतात त्यांना."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत ना."

कोणाला विचारायचं होतं? जे आपल्याला माहीतच नाही, ते विचारायचं कसं? ज्या गिऱ्हाइकाचा ऑफिसात फोन लागायचा, त्याला तो हे सांगत होता. फोन न लागलेल्या मॅडमना सांगायला मी होते, आणि मी पट्टीवर पट्टी चिकटवत बसले होते. परतीच्या वाटेवर मी पिशव्यांच्या मागून मनात दुसरं पत्रक लिहायला घेतलं. घाट चढेपर्यंत तीन मुद्दे झाले होते.

ते चिकटवावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी संगीताताई साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, गळत नव्हतं. आम्ही चाचणीला झडप बंद करून तशीच घडी करतो, अन् लोकं ती तशीच बंद ठेवून झोपायलेत, अन् आमाला ठावंच न्हाई. आता दर वर्षी फ्लोअरवरच्या दोघी पाठवा. एकटीला घरचे सोडत न्हाईत. अन् दर वर्षी वेगळ्या पाठवा, म्हणजे अजून काय काय कळंल."

साहेब म्हणाले, "बरं."

बरं. एवढंच. मी टाकीजवळ उभी होते. तापकीर मामा माझ्या कानाशी आले. "बग, तिनं मुद्दा एका वळीत सांगितला." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

निगडीच्या मॅडमना मी तंबू परत दिला तेव्हा झडप उघडून दाखवली. त्यांनी मान हलवली. "म्हणजे आम्ही आमच्याच श्वासाने भिजत होतो. आणि तू? झोपलीस ना शेवटी?"

"झोपले, मॅडम."

"कशी लागली झोप?"

"ते सांगणार नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या.

आता आमच्याकडे चाचणी झाली की झडप उघडून मगच तंबूची घडी होते. आणि दर वर्षी दोघी जातात. यंदा कटिंगच्या टेबलावरच्या दोघी निघाल्या आहेत. त्यांनी मला खुंटी कशी ठोकायची ते विचारलं. मी दाखवलं, कोब्यावर, हवेत दगड मारून. त्या हसत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता. ही वेगवेगळ्यांना पाठवायची पद्धत न्यायाची आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. शेडमध्ये बायका खूप आहेत, माझी पाळी पुन्हा कधी येईल माहीत नाही. न्याय मान्य केला म्हणून जीव जळायचा थांबत नाही, आणि थांबू नये.

पण या वर्षी एक नवीन गोष्ट झाली आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले. तंबू दुरुस्तीला देण्यापूर्वी धुऊन, झटकून द्यावेत, अशी सूचना आता ऑफिसातून प्रत्येक गिऱ्हाइकाला जाते. तंबू येतात ते साबणाचा वास घेऊन. टेबलावर घडी उलगडली की आत काहीच नसतं. ज्यांची पाळी अजून आलेली नाही, त्या बायका तरीही सवयीने टेबलाभोवती येतात, वाकून बघतात, आणि आपापल्या मशिनवर परत जातात. खेकड्याची नांगी टाकीवर एकटी पडली आहे.

म्हणून तुम्हाला, जे जातात त्यांना, माझं एक सांगणं आहे. तंबू ओला घडी करू नका, कापड कुजतं. उन्हात नीट वाळवा. पण झटकू नका. कोपऱ्यातली माती, पानं, वाळू राहू द्या. आणि एका कागदावर लिहून आत टाका, तंबू कुठे लावला होता, वारा कुठून येत होता, सकाळी दार उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसलं. आमच्या बायका ते वाचतील आणि जळतील. त्यांना जळू द्या. पुढचं पत्रक त्यांच्यातलीच एखादी लिहील, आणि ते माझ्यापेक्षा छोटं असेल. तिच्यासाठी तेवढी माती पाठवा.